सोमेश्वरची उरलेली वाट

गिरणीचा पट्टा उतरवला की सावळदरीत कान बधिर करणारी शांतता पसरते. त्या शांततेत ओट्यावर बसलेले नागप्पा एकच प्रश्न विचारतात.

"आला का?"

गावातल्या बायांना त्याची सवय झालीय. कुणी डोक्यावरचं दळण सावरत म्हणते, "यील की आबा, यील." एखादी थट्टेखोर म्हणून जाते, "आला की! माझा ज्वारीचा डबा आला, तुमचं कोण यायचंय?" आणि म्हणून झाल्यावर स्वतःच जीभ चावते. नवी सून असली तर ती गोंधळून ईश्वरीकडं बघते. ईश्वरी पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्या पदरानं पुसते आणि सांगते, "लेकाला इचारतेत. माझ्या मालकाला."

"कुटं गेलेत?"

ह्याचं उत्तर ईश्वरीकडं आठ वर्षं नव्हतं. नवरा मेला असता तर ती रडून मोकळी झाली असती. टाकून गेला असता तर शिव्या देऊन मोकळी झाली असती. तिच्या वाट्याला दोन्ही आलं नाही. कपाळाला कुंकू ती रोज लावायची, पण आरशात न बघता.

आणि देवळीत ती चांदीची डबी होती. लिंगायत घरात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग येतं. ते अंगावरून उतरत नाही. माणूस मातीत जातो तेव्हा त्याच्या तळहातावर बसून तेही मातीत जातं. तिच्या नवऱ्याचं, सोमेश्वरचं लिंग मात्र त्या डबीत, त्याच्याशिवाय देवळीत पडून होतं. ईश्वरी रोज त्याच्यापुढं उदबत्ती लावायची आणि रोज तिला वाटायचं, हे आपल्याकडं बघतंय आणि विचारतंय, मला कुठं ठेवायचं ठरलं का?

---

सावळदरी मूळची इथली नाही. मूळची सावळदरी येलदरीच्या पाण्याखाली आहे. धरण झालं, पाणी चढायला लागलं, तेव्हा लोकांनी घरांची तुळया-कवाडं काढून वर आणली. महादेवाचं देऊळ राहिलं. पिंडीला पहारी लावल्या, बैल जुंपले, ती तसूभर हलली नाही. नंदी मात्र उठला. नागप्पा तेव्हा पोर होते, बैलांच्या मागं पळत होते. "नंदी गाडीवर चढला आन् रडला," ते अजून सांगतात. "डोळ्याखाली वल व्हती. मी हात लावून बघितली."

तर देव पाण्यात आणि नंदी पूर्वेच्या काठावर, पाण्याकडं तोंड करून बसलेला.

महादेवाची प्रदक्षिणा पुरी गोल करायची नसते. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ती गोमुखी ओलांडायची नाही. नंदीपासून निघायचं, देवाला उजव्या हाताला ठेवून गोमुखीपर्यंत जायचं, आल्या पावली परत फिरायचं, नंदीवरून पुढं जाऊन गोमुखीच्या दुसऱ्या अंगाला टेकायचं आणि पुन्हा नंदीपाशी यायचं. देऊळ होतं तेव्हा ह्याला चिलीम ओढून होते तेवढा वेळ लागायचा. देऊळ बुडालं तेव्हा गावानं ठरवलं, आता हे सगळं पाणीच देऊळ.

पाणी जुन्या ओढ्याच्या खोऱ्यात शिरलंय. तिन्ही बाजूंनी काठ आणि उत्तरेला उघडं तोंड, जिथं ते नदीच्या मोठ्या पाण्याला मिळतं. ते तोंड म्हणजे गोमुखी. तोंडाच्या दोन्ही बाजूंना जमिनीची दोन टोकं पाण्यात घुसलीत. अल्याडचं टोक नंदीपासून जवळ, पल्याडचं अख्खा काठ वळसा घालून. दोन टोकांच्या मधे पाणी इतकंच की ह्या टोकावरचा माणूस त्या टोकावरच्याला ज्वारीच्या दाण्याएवढा दिसतो. चालत जाऊन यायचं तर दिवस उगवतीला निघावं तेव्हा कुठं मावळतीला नंदीपाशी पोचतो. शिवरात्रीला, अनवाणी, उपाशीपोटी.

पहिल्या पिढीनं केलं. दुसरीनं मोटरसायकली घेतल्या. शेवटी एकटा सोमेश्वर उरला होता.

"पाय फोडून घ्यायचं बरं सुचतंय दर साली," त्या पहाटे ईश्वरी त्याला म्हणाली होती.

"तुला काय कळतंय. दिवसभर गिरणीच्या घरघरीत ऱ्हातो मी. ह्या एका दिशी मला माझे पाय ऐकू येतेत."

"ऐका मग. आमी घरी बसून काय ऐकावं?"

"तू पोरीला घेऊन ये की अल्याडच्या टोकावर. उन्हं डोक्यावर आली की मी पल्याड पोचतोय. बघू, वळखतीस का मला."

"हजारात वळखीन."

"तिथं हजार कुठून आणू? मी एकटाच हाय."

ती गेली होती. नऊ वर्षांच्या ऋतुजाला कडेवर, खांद्यावर, पायी असं करत करत अल्याडच्या टोकावर पोचली. पल्याड खरंच एक दाणा दिसला. ऋतुजा नाचायला लागली. ईश्वरीनं डोक्यावरचा पंचा काढला आणि जोरजोरात हलवला. दाण्यानं हात वर केला. एकदाच, उंच. मग तो खाली वाकला आणि दगडांमागं दिसेनासा झाला. पोरीला तहान लागली होती, ऊन पोळत होतं. दोघी हसत हसत घरी आल्या.

सोमेश्वर आला नाही.

शोधायला गेलेल्यांना पल्याडच्या टोकावर एका सपाट दगडावर त्याचा सदरा सापडला. नीट चौघडी घातलेला. त्यावर बेलाचं पान आणि पानावर लिंग. गळ टाकले, जाळी ओढली. प्रेत वर आलं नाही.

"पाण्यात गेला," लोक म्हणाले.

"न्हाई," नागप्पा म्हणाले. "पाण्यात गेला म्हंजे गोमुखी ओलांडली. माझा लेक मरंल, पर गोमुखी ओलांडायचा न्हाई. आन् बुडणारा माणूस सदऱ्याची घडी घालत बसतोय व्हय? त्यानं लिंग उतरवलं. म्हंजे आमाला उतरवलं. जिंतूरच्या सडकंनं गेला तो. मन शांत झालं की यील."

मग त्यांनी सुनेकडं वळून विचारलं होतं, "तू शेवटचं बघितलीस. काय करत व्हता?"

"हात केला," ईश्वरी म्हणाली होती. "जाताना करतेत तसा."

तेवढ्यावर सगळं ठरलं. पुढं कुणी त्याला पूर्णा स्टेशनावर हमालाच्या लाल कपड्यात बघितलं, कुणी पिंगळीला गाडीच्या दारात. नागप्पा प्रत्येक वेळी पिशवी घेऊन गेले आणि पिशवी घेऊन परत आले.

आणि गावानं हळू आवाजात आणखी एक गोष्ट धरून ठेवली. ज्याची प्रदक्षिणा अर्धी राहते, तो चालत राहतो.

ईश्वरी ह्यावर हसायची. पण गिरणी बंद केल्यावर, नागप्पांचा प्रश्न विचारून झाल्यावर, कधीकधी पाण्याच्या बाजूनं मुरमावर अनवाणी पावलं वाजायची. चढावरून वर यायची. ओट्याच्या कोपऱ्यापर्यंत यायची आणि वळायची. ती कधी बाहेर डोकावली नाही. जिवंत माणसाची पावलं ओट्यापाशी येऊन वळत नाहीत, हे तिला कळत होतं. आणि कळतंय हे कुणाला सांगता येत नव्हतं. कारण सासरा रोज विचारत होता.

---

ह्या वर्षी नागप्पांना दम लागायला लागला. दोन पायऱ्या चढले की भिंतीला धरून उभे राहायचे. मठातले स्वामी येऊन बघून गेले आणि जाताना ईश्वरीला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, म्हाताऱ्याच्या आधी लेकाचं काय ते करा. बापामागं लेकाची समाधी बरी दिसत न्हाई."

ईश्वरीनं विषय काढला. नागप्पांनी डबीवर हात ठेवला.

"कुणाला पुरता? जित्या माणसाला? आल्यावर गळ्यात काय घालंल मग?"

"आन् न्हाई आले तर?"

"तर तू सिद्ध कर, मेलाय म्हणून."

शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी ईश्वरीनं सोमेश्वरची डबी पदराच्या गाठीत बांधली आणि लेकीला सांगितलं. ऋतुजा आता अकरावीला होती. कॉलेजातून आली की एका कानात गाणी आणि एका कानात आई.

तिनं दुसऱ्या कानातलंही काढलं. "तू? एकटी? सगळा काठ?"

"सगळा."

"आई, तू दळण घेऊन पाटलाच्या वाड्यापर्यंत गेलीस तरी येताना ऑटो शोधतीस."

"उद्या न्हाई शोधणार."

"कशाला पण?"

ईश्वरी गाठ घट्ट करत राहिली. "तुझ्या बाबाची राहिलेली हाय. माझ्या पायानं पुरी करते. मग तो चालायचा थांबतो का बघते. न्हाई थांबला तर जिता हाय म्हणायचा, आबाचं खरं मानायचं. थांबला तर..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"फोन तरी ने."

"टोकावर रेंज कुठाय?"

"मग तू पोचलीस हे मला कसं कळायचं?"

"अल्याड येऊन बघ," ईश्वरी म्हणाली, आणि हे शब्द सोमेश्वरचे, हे तिला बोलल्यावर कळलं. "दाणा दिसला तर मी."

---

सूर्य नंदीच्या पाठीवर आला तेव्हा ती निघाली. नंदीच्या कानात काही बोलली नाही. नागप्पा नंदीसमोरच्या पारावर बसले होते, घोंगडी ओढून. त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही.

पाणी उजव्या हाताला. पाय आधी भेगाळलेल्या काळ्या मातीवर पडले, मग ओल्या गाळावर, मग मुरमावर. पाणकावळे बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांवर पंख वाळवत बसले होते. ह्या बाभळी जुन्या गावाच्या. वरून काटक्या दिसतात, खाली अख्खं रान उभं आहे. गळ टाकणारे म्हणाले होते, खाली गेलेलं एखाद्या बाभळीनं धरलं तर ती सोडत नाही.

बराच वेळ तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला. वळसा संपून पश्चिमेच्या काठाला लागली तेव्हा पाय ऐकू आले. आपलेच, असं तिला वाटलं. मग ती काटा काढायला थांबली.

पुढं कुणीतरी अजून चालत होतं.

ईश्वरीनं काटा काढला. रक्त मातीला पुसलं. "सावकाश चला की वो," ती बोलून गेली. आठ वर्षांनी ती नवऱ्याशी बोलली आणि बोलली तीही तक्रारच.

पल्याडच्या टोकाच्या अलीकडं सरजाबाईचं गाळपेराचं रान होतं. पाणी ओसरून उघडी पडलेली जमीन, टरबुजाचे कोवळे वेल, मधे पाचटाची खोप. सरजाबाईही जुन्या सावळदरीची. गाव उठलं तेव्हा तिची वस्ती ह्या काठाला येऊन बसली. दारातलं कुत्रं पायावर तोंड ठेवून पडलं होतं.

"कोन गं ती? ईश्वरी हायस का?"

"मीच माय. पानी दे घोटभर."

"अनवानी? आन् त्या येड्यासारखी चालायलीस? बस, बस." तिनं तांब्या पुढं केला. "तुमच्या नंदीला बैलांनी उचलून वर नेलं. आमाला कोनी उचललं न्हाई, आमी आपल्या पायानं आलो. म्हनून आमाला न्हाई फिरावं लागत गोल गोल."

ईश्वरी हसली. पाणी पिताना ते नाकात गेलं.

"पर तू मघाशी न थांबता का गेलीस?" सरजाबाईनं विचारलं. "आन् आता परत मागून कशी आलीस?"

"मी आत्ताच येते, माय."

"मग मघाशी कोन गेलं?" म्हातारीनं टोकाकडं बघितलं. "मला नीट दिसत न्हाई आता. पर हे कुत्रं उठलं. भुकलं न्हाई. शेपूट हालवत खोपीच्या कोपऱ्यापतोर गेलं आन् खाली हुंगत बसलं. ह्याच्या माय कुत्रीला तुझा मालक गूळ टाकायचा जाताना."

ईश्वरीनं तांब्या जपून खाली ठेवला.

"न्हाई कोनी," सरजाबाई घाईनं म्हणाली. "वारा आसंल. सिद्धोधन हाय टोकाला, जाळं काढायलाय. काय लागलं तर हाक मार त्याला."

---

टोकावर तो सपाट दगड तसाच होता. पावलांचा आवाज दगडापर्यंत आला आणि थांबला. विहिरीच्या काठाशी यावा आणि संपावा, तसा.

खाली पाण्यात सरजाबाईचा लेक सिद्धोधन थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होता. हा धंदा तो गेल्या वर्षा-दोन वर्षांपासूनच करत होता, त्याआधी पुण्याला कंपनीत होता. "वहिनी?" त्यानं आश्चर्यानं मान वर केली. "चालत? एकल्याच?"

ईश्वरी समोर बघत होती.

अल्याडच्या टोकावर एक दाणा होता. लाल दाणा. ऋतुजाची ओढणी. दाणा ओढणी हलवत होता. जोरजोरात, दोन्ही हातांनी, डोक्यावरून, आणि मधेच खाली-वर उड्या मारत होता. आवाज येत नव्हता. पाणी चमकत होतं आणि त्या चकाकीत ती लाल गोष्ट एकसारखी फडफडत होती. ये, ये, ये.

मामंजी!

मामंजींचा दम. पारावर बसलेले, घोंगडी ओढून. पोरगी एकटी. उगाच कुणी असं बोलावतंय का? तिनं हात उंच केला. आले, आले गं!

"सिद्धोधन! मला त्या टोकाला सोड. लवकर!"

"या की. वल्हं मारायचं काम, एवढ्यात सोडतो. वल्या मात्र व्हताल कंबरेपतोर, आन् नीट बसा, उलटतंय हे कधीकधी."

उलटतंय. तिचा हात आपोआप गळ्याशी गेला. आपलं लिंग पाण्यात गेलं तर? लहानपणी विहिरीवर जाताना आई ओरडायची, आधी लिंग काठावर दे कुणाकडं, मग उतर. तिनं गळ्यातला दोरा मानेवरून ओढला. डबी हातात घेतली. ठेवायची कुठं? उघड्या दगडावर नाही ठेवत. खांद्यावरचा पंचा ओढून काढला, मांडीवर एक घडी घातली, दुसरी घातली, दगडावर पसरला, हातानं सुरकुती मोडली...

आणि तिथंच थांबली.

दगड तोच. घडी तशीच. पलीकडं लेक बोलावत होती, आणि एवढ्या घाईत तिच्या बोटांनी पंच्याची चौघडी घातली होती. देवाला आसन देताना घालतात तशी. ठरवून नाही. सवयीनं.

"वहिनी? येताय ना?"

ईश्वरी त्या घडीकडं बघत होती. मग तिनं डोळे वर करून पाण्यापलीकडं बघितलं. आठ वर्षांपूर्वी तिथं ती होती. पांढरा पंचा हलवणारी आणि शेजारी उड्या मारणारी पोर. ती हसत होती. पण हसू इथपर्यंत पोचत नव्हतं. इथून फक्त, ये, ये, ये.

ह्यांनी हात केला. उंच, एकदाच. जाताना करतात तसा नव्हता तो. आत्ता तिनं केला, तसा होता.

आलो.

"तो सोडून गेला न्हाई गं," ती पुटपुटली. तिला कळलं नाही आपण कुणाला सांगतोय. "यायला लागला व्हता. माझ्याकडं."

सिद्धोधन तराफा सोडून गुडघाभर पाण्यात येऊन उभा राहिला.

ईश्वरीनं डबी उचलली, पुन्हा गळ्यात घातली. पंचा झटकून खांद्यावर टाकला.

"सिद्धोधन, तू जा. पोरगी का बोलावतीय बघ. आबांचं काय आसंल तर गाडी बघ, डॉक्टर बघ. तुला गोमुखी न्हाई आडवत."

"आन् तुमी?"

"मी वाटंनं येते."

"वहिनी, तुमाला दिवस मावळंल की! पाण्यानं एवढंसं हाय."

"त्यांनाबी एवढंसंच वाटलं व्हतं," ईश्वरी म्हणाली.

---

परतीची वाट सोमेश्वर त्या वर्षी चाललाच नव्हता. पाणी आता डाव्या हाताला. ती मागं न बघता निघाली आणि थोडं अंतर गेल्यावर तिला पुन्हा पावलं ऐकू आली. पुढं नव्हती, मागंही नव्हती. शेजारी होती. पाण्याच्या बाजूला, जिथं गाळ ओला होता तिथं. तिनं गाळाकडं बघितलं नाही. उमटलेलं दिसलं असतं तर ती पळाली असती, आणि नसतं दिसलं तर तिला रडू आलं असतं.

सरजाबाईच्या खोपीपाशी कुत्रं उठून उभं राहिलं. ती गेली तरी ते उभंच होतं.

ती चालली. तळव्याचं कातडं सोललं होतं आणि पोटात आग होती. मधेच ती बोलायची. "मीच बोलावलं तुमाला. मला काय ठाऊक लांबून तसं दिसतंय? एवढं पोहता येत व्हतं तुमाला, मग सकाळपासून चालून थकलेल्या अंगानं कशाला उडी टाकायची? हाक मारायची की. मीबी मारायची व्हती." उत्तर यायचं नाही. पावलं मात्र एकसारखी पडत होती, तिच्या लंगडण्याला जुळवून घेत, जरा सावकाश.

काठाच्या वळणावर पाण्यातून हाक आली. सिद्धोधन तराफा हाणत किनाऱ्याला समांतर आला होता.

"वहिनी! काय न्हाई, काय न्हाई! आबा बरे हायत. पारावर बसलेत."

ईश्वरी गुडघ्यावर हात टेकून वाकली. "मग का बोलावत व्हती?"

"बोलावत कुठं? तुमी दिसला म्हनून नाचायली व्हती! म्हनली, आईला सांग, मी उगीच हात केला. आन् तुमी हात केला तर ती म्हनली, आई टाटा करायली." तो हसला. मग तिच्याकडं बघून हसायचा थांबला.

"उगीच," ईश्वरी म्हणाली. "व्हय. मीबी उगीचच केला व्हता."

---

नंदीपाशी ती पोचली तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. नागप्पा पारावर होते. तिच्या लाल झालेल्या पायांकडं बघून त्यांनी विचारलं, "आला का?"

"थांबा मामंजी. थोडी राहिलीय."

ती नंदीवरून पुढं गेली. अल्याडच्या टोकावर ऋतुजा दगडावर बसली होती. आईला बघून ती धावत आली. ईश्वरी टोकाच्या अगदी शेवटापर्यंत गेली, जिथं त्या दिवशी उभी होती तिथं. पाणी तांबडं झालं होतं. पल्याडचं टोक काळं, रिकामं.

"हितंच यायचं व्हतं ना तुमाला?" ती हळूच म्हणाली. "आलात."

ऋतुजानं तिचा हात धरला. "आई, कुणाशी बोलतीस?"

"ऐक." दोघी उभ्या राहिल्या. पाणी दगडाला लागत होतं. लांब कुठंतरी पंपाचा आवाज होता. "तुला काही ऐकू येतंय का? चालल्याचं?"

"न्हाई."

"मलाबी न्हाई आता."

दोघी मायलेकी हातात हात घेऊन परत आल्या, पाणी उजव्या हाताला ठेवून. सूर्य पाण्याला टेकायला आणि ईश्वरीचा तळवा नंदीच्या थंड पाठीवर टेकायला एकच गाठ पडली. मग ती सासऱ्यासमोर जमिनीवर बसली.

"आला का?" नागप्पांनी विचारलं.

"आला."

म्हाताऱ्यानं तिच्या मागं, वाटेकडं बघितलं.

"गोमुखी ओलांडली त्यांनी, मामंजी."

"माझा लेक ओलांडायचा न्हाई."

"माझ्यासाठी ओलांडली. मी अल्याडून पंचा हलवला. त्यांना वाटलं, घरी काहीतरी झालंय. तुमाला काहीतरी झालंय. मी आज तिथं उभी ऱ्हायले. पोरीनं हात केला आन् मी माझं लिंग उतरवलं, पाण्यात जाईल म्हनून. पंच्याची घडी घातली, मामंजी. घाईत. ह्याच हातांनी." तिनं हात पुढं केले. "तो हात निरोपाचा नव्हता. येतो म्हनत व्हते. मलाच कळलं न्हाई, आन् मीच तुमाला तसं सांगितलं. सगळ्या गावाला सांगितलं."

नागप्पांनी घोंगडीतून उजवा हात बाहेर काढला आणि तळवा उघडला. ईश्वरीनं पदराची गाठ सोडली. आठ वर्षं देवळीत थांबलेलं लिंग बापाच्या तळहातावर ठेवलं.

नागप्पांची बोटं मिटली.

"लय उशीर केलास," ते मुठीला म्हणाले. रागानं नाही. उन्हातून आलेल्या पोराला म्हणावं तसं. "उद्या स्वामीला बोलावतीस का गं? सकाळीच?"

"बोलावते."

मग ते हात टेकून पारावर सरकले. दम लागला तरी सरकले, आणखी थोडं, आणि मधे जागा केली. ईश्वरी उठून बसायला गेली तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं आणि पलीकडची कड दाखवली.

ती पलीकडं बसली. ऋतुजा आईच्या पायाशी बसली. मधली जागा तशीच मोकळी राहिली. पाणी काळं होईपर्यंत चौघंही नंदीच्या तोंडासमोर बसून होती, आणि त्या संध्याकाळी नागप्पांनी पुन्हा काही विचारलं नाही.